चुकीच्या खोक्यातला बरोबर फिल्टर

गुरुवारी सकाळी टॅक्सीवाला दुकानात शिरला, तेव्हा त्याच्या हातात ऑइल फिल्टर होता, कोपरापर्यंत काळं तेल होतं आणि तोंडात जे होतं ते लिहिण्यासारखं नव्हतं.

"हे काय दिलंत काल?" त्याने फिल्टर काउंटरवर आपटला. "अर्धा तास गाडीखाली उताणा पडलोय. आटेच धरत नाहीत! खोक्यावर नंबर बरोबर आणि आत भलतंच. दुकान चालवता की सोडत काढता?"

भाच्याने खोकं हातात घेतलं. त्यावर चारशे बारा लिहिलेलं होतं. त्याने फिल्टर उचलून त्याच्या बुडाच्या भोकात बोट घातलं आणि तोंड वाकडं केलं. मग काउंटरखालून एक लाकडी फळी काढली. तिच्यावर वेगवेगळ्या जाडीचे लोखंडी खुंट बसवलेले होते, म्हणजे इंजिनावर ज्या खुंटावर फिल्टर फिरवून बसवतात, त्यांचे नमुने. चारशे बाराच्या खुंटावर फिल्टर चढेना. शेजारच्या खुंटावर मात्र लोण्यासारखा फिरला.

"हा चारशे सतरा आहे," भाचा म्हणाला आणि मावशीकडे वळला.

मावशी आपल्या उंच स्टुलावर बसून वायपरच्या रबरांच्या जोड्या लावत होती. तिने मान वर केली नाही. फिल्टर कुठल्या खोक्यातून निघाला असणार हे तिला न बघताच कळलं होतं.

टॅक्सीवाल्याला बरोबर फिल्टर मिळाला, वर हात पुसायला नवं फडकं मिळालं, आणि तो पुटपुटत गेला. भाचा मागच्या मांडणीत शिरला आणि एकेक खोकं उघडून बघत बसला. तासाभराने तो आणखी दोन खोकी घेऊन आला. दोन्हींवर चारशे बारा, दोन्हींत चारशे सतरा.

"मावशी, तीन खोकी. तिन्हींत चुकीचा माल. आणि हे भरण्याचं काम तुझंच."

"असेल," मावशी म्हणाली.

"असेल काय? नशीब त्याला चढलाच नाही. उलटं झालं असतं तर?"

उलटं झालं असतं तर काय, हे मावशीला त्याच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ही दोन्ही फिल्टरं म्हणजे जुळे भाऊ. रंग एक, उंची एक, अंगावर कंपनीचं चित्रही तेच. नंबर तेवढा खोक्यावर. फरक फक्त आट्यांचा. एकाचे मिलिमीटरच्या मापाचे, दुसऱ्याचे इंचाच्या. चारशे सतराचं भोक केसभर लहान, म्हणून तो जाड खुंटावर चढतच नाही. शिव्या बसतात पण गाडी वाचते. चारशे बारा मात्र बारीक खुंटावर गुमान चढतो, रबरी वायसर दाबला गेला की घट्ट बसल्यासारखाही वाटतो, आणि मग कधीतरी भर रस्त्यात, इंजिन तापून तेलाचा दाब वाढला की सुटून पडतो. तेल रस्त्यावर, इंजिनाची राख.

हे सगळं तिने भाच्याला तो शाळेत असताना शिकवलं होतं. आता तो तिला शिकवत होता.

"मावशी, राग मानू नकोस," त्याने आवाज मऊ केला, आणि तो मऊ झाला तिथेच ती सावध झाली. "तू बहात्तरची झालीस. चौतीस वर्षं या काउंटरवर काढलीस. सोमवारपासून घरी आराम कर. मी सगळं कॉम्प्युटरवर घेतलंय, प्रत्येक खोक्याला पट्ट्यांचं लेबल लावलंय. गाडीचं नाव टाकलं, साल टाकलं की नंबर समोर. आठवणीची गरजच नाही."

आठवणीची गरजच नाही! मावशीने वायपरची एक जोडी चुकीची लावली, ती सोडवली आणि पुन्हा लावली.

बहीण आणि भाऊजी गेल्यावर मावशीला घर होतं, खोली होती, खिडकीशी खुर्ची होती. पण ती जिथे कुणीतरी होती, ती जागा म्हणजे हे स्टूल. पूर्वी गिऱ्हाइकं जुना पार्ट वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची. पुडी उघडली की तेलाने अक्षरं पार विरलेली असायची. मावशी त्यावरून एक बोट फिरवायची, गिऱ्हाइकाच्या चपलांकडे बघायची, "मागच्या पावसात घेतलेला ना? तो ट्रकवाला तुमचाच भाऊ," म्हणायची आणि न उठता मागे हात घालून नवा पार्ट काढून द्यायची. लोक लांबून यायचे ते पार्टसाठी यायचे की हा खेळ बघायला, हे भाऊजींनाही कधी कळलं नाही. घरी बसली तर तिला ओळखणार कोण? खिडकीतून दिसणारा विजेचा खांब?

आणि गंमत अशी, की ती तीन खोकी तिने चुकून भरलीच नव्हती. जाणूनबुजून भरली होती. गेली बावीस वर्षं भरत होती.

ती खोकी होती बाईंसाठी. बाई म्हणजे शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलं होतं आणि उरलेलं अर्धं त्यांच्या आवाजाच्या टप्प्यातून. बाईंच्या यजमानांना सगळे सावकाशराव म्हणत, कारण ते गाडी चाळीसच्या वर नेत नसत. पूर्वी नेत. बावीस वर्षांपूर्वी बाई आठ दिवस शिक्षकांच्या कसल्याशा शिबिराला परगावी गेल्या होत्या. जाताना बजावून गेल्या, "टायर गुळगुळीत झालेत. मी येईपर्यंत गाडी हलवायची नाही." बाईंची पाठ वळते न वळते तोच यजमानांच्या अंगात मेकॅनिक संचारला. तेल स्वतः बदललं. जुना फिल्टर काढला, पण त्याचा रबरी वायसर इंजिनालाच चिकटून राहिला होता, तो काही त्यांनी पाहिला नाही. नवा फिल्टर नव्या वायसरसकट त्याच्यावर चढवला आणि पुढच्या गावातल्या मित्राकडे बुद्धिबळ खेळायला निघाले. वायसरावर वायसर कसा टिकणार? तेल ठिबकत, मग वाहत गेलं. समोर लाल दिवा लागला. तो डोळ्यांवर येतो म्हणून त्यांनी त्यावर आपली टोपी ठेवली.

टोपीखाली दिवा जळत राहिला आणि बॉनेटखाली इंजिन.

भाऊजींनी आणि पलीकडच्या गॅरेजवाल्याने मिळून पाच दिवसांत त्या गाडीत दुसरं इंजिन बसवलं. त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचं, अपघातात सापडलेल्या. सगळं जमलं, फक्त फिल्टरचा खुंट इंचाचा निघाला. म्हणजे पुढे कायम चारशे सतरा. पण बाई पडल्या शिस्तीच्या. गाडीचं पुस्तक काखोटीला मारून स्वतः दुकानात येणार, पुस्तकातला नंबर खोक्याशी ताडून बघणार. सावकाशराव काउंटरला धरून उभे राहिले होते, रंग उडालेला. "भाऊ, एवढं सांभाळा. हिला कळलं तर मला गाडीखाली नाही, गाडीमागे धावावं लागेल." भाऊजींनी हसून मावशीकडे बघितलं होतं, आणि मावशीने चारशे बाराच्या तीन खोक्यांत चारशे सतरा भरून ती मागच्या मांडणीत, अगदी कोपऱ्यात, वेगळी ठेवली होती.

भाऊजी गेले. गॅरेजवाला गेला. उरले सावकाशराव आणि मावशी. मग महिन्यापूर्वी भाच्याने मांडणी हलवून सगळीकडे लेबलं चिकटवली आणि कोपरा कोपरा राहिला नाही.

भाच्याला हे सांगून टाकलं असतं तर? एका वाक्याचं काम. पण भाच्याच्या पोटात काही राहत नाही. जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर ते बायकोच्या कानात जातं. आणि बायको बाईंच्याच शाळेत शिकवते, दर आठवड्याला बाईंकडे बसायला जाते. मावशीने हिशेब केला: आज सांगितलं तर बाईंपर्यंत रविवार संध्याकाळ. तिने तोंडाला कुलूप लावलं.

"बरं," ती भाच्याला म्हणाली. "सोमवारपासून."

भाचा चकित झाला. तो भांडणाची तयारी करून आला होता. आता त्याला ती तयारी कुठे ठेवावी ते कळेना.

शनिवारी अकराच्या सुमाराला दुकानासमोर बाईंची गाडी येऊन उभी राहिली, इतकी हळू की ती थांबलीय हे कळायलाच वेळ लागला. चाकामागे सावकाशराव. ते कधी आत येत नसत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसत, परीक्षेच्या निकालाची वाट बघणाऱ्या मुलासारखे. बाई उतरल्या, काखेत पुस्तक.

भाच्याने सगळी खोकी दुरुस्त केली होती. चारशे बाराच्या खोक्यात आता खरोखरच चारशे बारा होता.

"काय रे, तिसरा बाक," बाई भाच्याला म्हणाल्या. त्यांना विद्यार्थ्यांची नावं आठवत नसत, बाक आठवत. "सुधारलास का?"

"हो बाई," भाचा सरळ उभा राहिला. चाळीस वर्षांचा माणूस, पण हात आपोआप पाठीमागे गेले.

"ऑइल फिल्टर हवाय. आज मेकॅनिककडून बसवून घेते. उद्या पहाटे बहिणीकडे निघायचंय, तीनशे किलोमीटर. घाटरस्ता आहे."

घाटरस्ता! मावशीला डोळ्यांसमोर वळण दिसलं, चढ दिसला आणि सुटून घरंगळत जाणारा फिल्टर दिसला.

भाच्याने कॉम्प्युटरवर गाडीचं नाव टाकलं, साल टाकलं. "चारशे बारा," तो ऐटीत म्हणाला.

"चारशे बारा," बाईंनी पुस्तकात बोट ठेवून मोठ्याने वाचलं आणि मावशीकडे बघितलं. दर वेळी बघत, तसंच.

भाचा मागून खोकं घेऊन आला, काउंटरवर ठेवलं आणि लेबल वाचायचं यंत्र घ्यायला वळला. मावशीच्या कोपराचा धक्का लागून वायसरांचा डबा खाली पडला. असा धक्का लागायला चौतीस वर्षांचा सराव लागतो. चारशे वायसर फरशीवर चारशे दिशांना धावले.

"अगं मावशी!" भाचा खाली वाकला.

तो वाकलेला असताना मावशीने स्टुलावरून अंग वळवलं, मागच्या चारशे सतराच्या खोक्यातला फिल्टर काढला, बाईंच्या खोक्यातल्याशी अदलाबदल केली, झाकणं लावली आणि पुन्हा हात मांडीवर ठेवून बसली. बाई भिंतीवरच्या टायरच्या जाहिरातीकडे अगदी मन लावून बघत होत्या.

भाचा वायसर गोळा करून उठला. यंत्र खोक्यावर धरलं, ते आनंदाने वाजलं. मावशीने श्वास सोडला. तेवढ्यात त्या शहाण्याने फळी काढली.

"गुरुवारपासून मी प्रत्येक फिल्टर खुंटावर लावूनच देतो, बाई. एक घोटाळा झाला ना..." त्याने फिल्टर जाड खुंटावर टेकवला. चढेना. पुन्हा टेकवला. चढेना. त्याचा चेहरा फिल्टरइतकाच काळानिळा झाला. "मावशी! आत्ता, दोन मिनिटांपूर्वी हा मी स्वतः बघून आणला होता!"

मावशी मख्खपणे म्हणाली, "यांना हाच दे."

"हा चारशे सतरा आहे."

"म्हणूनच म्हणते, हाच दे."

"पण का?"

"मी सांगते म्हणून."

भाच्याने कपाळाला हात लावला आणि बाईंकडे वळला. "बाई, माफ करा. आमची मावशी आता थकलीय हो. खोकी उलटसुलट करते. सोमवारपासून तिला घरीच बसवतोय. तिला कळत नाही आपण काय करतो ते."

बाई मावशीकडे बघत होत्या. काचेपलीकडे सावकाशराव मावशीकडे बघत होते. त्यांना ऐकू काही येत नव्हतं, पण काउंटरवर फळी बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं दिसत होतं.

बावीस वर्षं! तिने ठरवलं असतं तर एका वाक्यात भाचा गप्प झाला असता आणि स्टूल वाचलं असतं. "बाई, तुमच्या गाडीत इंजिन दुसरं आहे." बस, एवढंच. वाक्य अगदी जिभेच्या टोकाशी येऊन बसलं. मावशीने ते गिळलं. कडू लागलं.

"हो, चुकलं माझं," ती म्हणाली. "वय झालं. पण बाई, एक ऐका. मी अजून सोमवारपर्यंत या दुकानात आहे. तोवर माझं शेवटचं एक काम करू द्या. फिल्टर नंबर बघून नाही, गाडी बघून द्यायचा असतो. याला सांगा, बॉनेट उघडून इंजिन बघून ये. मग मी काही बोलणार नाही."

म्हणजे निदान भाचा स्वतःच बघेल. तिने तोंड उघडलं असं तरी होणार नाही. वचनात तेवढी फट होती.

"कॉम्प्युटर सांगतोय की..." भाचा म्हणाला.

"गाडी माझी आहे की कॉम्प्युटरची?" बाई म्हणाल्या. "जा, बघून ये. मेकॅनिकच्या डोळ्यांनी बघ, भूगोलाच्या नकाशासारखं नको."

भाचा फणफणत बाहेर गेला. काचेतून दिसत होतं: तो खिडकीशी वाकला, बॉनेटकडे बोट दाखवलं. सावकाशरावांनी मान हलवली. पुन्हा बोट, पुन्हा मान. मग दोघांचे हात हलायला लागले. दार किलकिलं होतं, तेवढ्यातून आवाज येत होते.

"...अडकलंय हो बॉनेट. उघडत नाही."

"काका, तुम्ही नुसता खटका ओढा."

"खटका गरम आहे."

"खटका कसा गरम होईल?"

"सावकाश, सावकाश! घाई कशाला करतोस?"

बाईंनी काउंटरवर पुस्तक ठेवलं, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि बाहेर बघतच म्हणाल्या, "किती वर्षं झाली हो? बावीस ना?"

मावशीला वाटलं, स्टूल एक इंच खाली गेलं. "कशाला बाई?"

"इंजिन बदलल्याला."

मावशीने स्टुलाची कड घट्ट धरली.

"मी शिबिराहून परत आले तर गाडी धुतलेली," बाई म्हणाल्या. "लग्नाला तेव्हा अठरा वर्षं झाली होती, या माणसाने कधी गाडी धुतली नव्हती. तिथेच मला वास आला. मग शाळेचा चढ. आमची गाडी त्या चढावर दम्यासारखी धापा टाकायची. त्या सोमवारी चार शिक्षिका आणि वह्यांचे सहा गठ्ठे घेऊन तिसऱ्या गिअरमध्ये चढली. म्हटलं, हे काय? तर म्हणाले, तेल बदललं की गाडीला तरतरी येते." बाईंचे खांदे हलले. "तरतरी! जन्मभर मुलांच्या थापा ऐकल्या मी. पोट दुखतंय, वही कुत्र्याने फाडली. पण ही तरतरी पहिल्यांदाच ऐकली."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलणारच होते. म्हणून तर पहिल्यांदा फिल्टर घ्यायला मी स्वतः आले. म्हटलं, दुकानात नंबर वाचून तुम्हा सगळ्यांना रंगेहाथ पकडते. पण मी नंबर वाचला, आणि तुमच्या भाऊजींनी छताकडे बघितलं, तुम्ही फरशीकडे, आणि बाहेर आमचे हे गाडीत असे बसलेले, की..." बाईंनी डोळे पुसले. हसण्याने पाणी आलं होतं. "मला वाटलं, इतक्या लवकर कशाला संपवायचं? वर्षातून दोनदा. नाटकाला जायची मला कधी गरज पडली नाही."

बावीस वर्षं मावशीला वाटत होतं, खेळ आपण खेळवतोय. दर वेळी घरी जाताना ती मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायची. आणि समोर ही बाई पहिल्या रांगेत बसून बघत होती! मावशीला आधी राग आला. मग तिला गेल्या खेपेचं आपलं तोंड आठवलं. आपण कसं गंभीरपणे "अगदी कंपनीचा आहे, बाई" म्हणालो होतो ते आठवलं, आणि तिला असं हसू फुटलं की वायसरांचा डबा पुन्हा पडता पडता राहिला.

"पण आत्ता?" बाई एकदम गंभीर झाल्या. "तो मूर्ख तुम्हाला खुळी म्हणत होता आणि तुम्ही तोंड मिटून बसलात. का?"

"शब्द दिला होता."

"कुणाला? त्या टोपीवाल्याला?"

"टोपीचंही माहीत आहे तुम्हाला?"

"तुम्हाला वाटतं तो बुद्धिबळवाला गप्प बसला असेल?"

दार ढकलून भाचा आत आला. कपाळावर घाम. "बाई, काका बॉनेटच उघडू देत नाहीत. शेवटी वाकून खालून टॉर्चने बघितलं. बाई, तुमच्या गाडीत..."

"दार लाव," बाई म्हणाल्या.

भाच्याने दार लावलं.

"आमच्या गाडीत इंजिन दुसरं आहे. हे मला माहीत आहे. तुझ्या मावशीला माहीत आहे. बाहेर बसलेत त्यांना माहीत आहे. तुझ्या वडिलांनाही माहीत होतं. या खोलीत फक्त एका माणसाला माहीत नव्हतं, आणि तो कॉम्प्युटर घेऊन बसलाय."

भाच्याने मावशीकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं, पुन्हा मावशीकडे. त्याच्या डोक्यात एकेक आटा धरत गेला. "म्हणजे ती तीन खोकी..."

"चुकली नव्हती," बाई म्हणाल्या. "आता नीट ऐक, तिसरा बाक. मला माहीत आहे, हे बाहेर गाडीत बसलेत त्यांना माहीत नाही. ते तसंच राहायला हवं. चाळीस वर्षं संसार केलाय, एवढी एक मजा उरू दे. तुझ्या बायकोच्या कानावर यातलं काही गेलं तर मी तुझ्या मुलाच्या वर्गात जाऊन तुझं चौथीचं प्रगतिपुस्तक वाचून दाखवीन. माझ्याकडे आहे."

"नाही जाणार, बाई."

"आणि दुसरं. ही सोमवारपासून घरी बसली, तर मी फिल्टर कुठून घ्यायचा? तू तर बरोबर खोक्यात घालून देशील!"

भाच्याने चारशे बाराचं खोकं पुढे ओढलं, त्यात चारशे सतरा होताच, आणि झाकण लावलं. जन्मात पहिल्यांदा तो माहीत असून चुकीचं लेबल विकत होता. बाईंनी पुस्तक उघडलं, काचेकडे तोंड केलं आणि रस्त्यापर्यंत जाईल अशा आवाजात वाचलं, "चारशे बारा! बरोबर?"

"अगदी कंपनीचा, बाई," मावशी म्हणाली.

काचेपलीकडे सावकाशरावांची मान स्टिअरिंगवर टेकली. बाई खोकं घेऊन गाडीत बसल्या. गाडी सुटली, म्हणजे बहुतेक सुटली असावी. दोन मिनिटांनी बघितलं तर समोर नव्हती.

भाचा बराच वेळ काउंटरच्या कडेची धूळ नखाने काढत राहिला. मग म्हणाला, "मावशी, मी चुकलो."

"हं."

"सोमवारी ये."

"आरामाचं काय? मला आता सवय करायची होती आरामाची. दोन दिवस मनाची तयारी केली मी."

"मावशी, ये ना. हात जोडतो."

"दुपारी दोन ते चार मी घरी झोपणार. आणि हे स्टूल जरा डगमगतं, त्याचा पाय नीट करून ठेव."

"ठेवतो." तो घुटमळला. एक गोष्ट त्याला आतून कुरतडत होती. "मावशी, गावात अशा अजून गाड्या आहेत का गं? म्हणजे कॉम्प्युटर एक सांगतो आणि आत दुसरंच?"

मावशीने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. "आहेत ना. अकरा."

"अकरा!" भाचा खुर्चीवर बसला. "कुठल्या? सांग, मी आत्ता लिहून घेतो."

"असं घाईने नाही सांगता यायचं. लोकांच्या घरच्या गोष्टी आहेत." मावशीने वायपरच्या रबरांचा गठ्ठा पुन्हा पुढे ओढला. "वर्षाला एक सांगेन."

भाच्याने बोटांवर मोजलं. बहात्तर आणि अकरा. उठला आणि स्टुलाचा पाय बघायला पाना शोधायला लागला.

खरं तर अशा गाड्या चारच होत्या. उरलेल्या सात कुठल्या, ते मावशी सावकाशीने ठरवणार होती.